फाटक मोकळं होतं

१

कपाटातल्या टेपा तारखेप्रमाणे उभ्या होत्या. मधली एक जागा पडलेल्या दातासारखी रिकामी होती.

“तीच. त्याच रविवारची,” चर्चचे कारभारी डीकन क्लिओफस बिग्ज म्हणाले. त्यांनी फटीत बोट घालून पाहिलं, जशी काही टेप अंग चोरून मागे बसली असावी. “मी स्वतःच्या हातांनी ठेवली होती.”

“कुलूप?” अल्सीड त्राहानने विचारलं.

“शाबूत.”

“किल्ली?”

“दारामागच्या खिळ्याला.”

“म्हणजे सगळ्या गावाच्या हाताशी.”

“सगळ्या गावाच्या कशी? फक्त आपल्या चर्चच्या मंडळींच्या.”

“आणि मंडळीत कोण कोण येतं?”

डीकननी क्षणभर विचार केला. “सगळं गाव,” ते म्हणाले.

एरवी मी हसले असते. पण आई गेल्यापासून मला हसूही येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग आपलाच ओठ आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. फ्रिजमध्ये लोकांनी आणून दिलेल्या जेवणाची भांडी होती. मी ती रोज घासत होते आणि कुणाचं कुठलं ते विसरत होते.

झालं होतं ते एवढंच. माझी आई ओडेसा रेनी मेम्फिसला मावशीकडे गेली होती. रविवारी ती प्रवासी रेल्वेने, आमच्या भाषेत चंदेरी गाडीने, घरी येत होती. आमच्या हॉलिस बेंड गावाच्या अलीकडे, सरकी काढायच्या जुन्या कारखान्याजवळच्या वळणावर, गाडी थांबली. तिथून आमच्या माउंट ऑलिव्ह चर्चचा मनोरा दिसतो. थांबलेल्या गाडीत आईचा श्वास कोंडला आणि मनोरा समोर दिसत असताना ती गेली. मी तेव्हा त्याच मनोऱ्याखाली होते, पांढऱ्या गणवेशात. प्रवचन रंगात आलं की आमच्याकडे माणसं भान हरपून कोसळतात, त्यांना सावरायला नर्सांची रांग भिंतीशी उभी असते. मी तर दवाखान्यातही नर्सच. प्राणवायूची टाकी माझ्या पाठीमागच्या कोनाड्यात होती.

गाडी का थांबली, याच्या दोन गोष्टी सांगितल्या जात होत्या.

गाडीचा कंडक्टर होरेस मेब्री म्हणत होता, “आम्हाला बाजूच्या रुळावर घातलं आणि मुख्य रुळावरून मालगाडी सोडली. मी हातापाया पडलो, कुणी ऐकलं नाही. चर्चमध्ये सगळ्यांचे फोन बंद. शेवटी इंजिनाचा भोंगा तुटक तुटक वाजवून चर्चला हाक मारायला लावली.”

रूळ ज्यांच्या मालकीचे, ती मालगाडी कंपनी म्हणत होती, “आमचीच गाडी बाजूच्या रुळावर उभी होती, मुख्य रूळ मोकळा होता. कंडक्टर आजारी बाई पाहून गडबडला, त्याने आपणच गाडी थांबवली आणि नुसता उभा राहिला. शेवटी कंटाळून आमची मालगाडी पुढे निघाली.”

कायदा साधा आहे : आधी माणसं, मग माल. पण रूळ मालवाल्यांचे, आणि कुणी कुणासाठी थांबायचं हे ठरवणारेही त्यांचेच. चंदेरी गाडीवाल्यांनी याबद्दल वॉशिंग्टनच्या सरकारी रेल्वे मंडळापुढे तक्रार नोंदवली होती आणि माझ्या आईचं मरण त्या तक्रारीतलं एक पान झालं होतं. यंत्रांतल्या नोंदी दोन्हीकडचे वकील आपापल्या बाजूला वाकवत होते. प्रवाशांना खिडकीबाहेर डबे सरकताना आठवत होते, पण आई जाण्याआधी की नंतर, यावर एकमत नव्हतं. इंजिनवाला होरेसची बाजू सांगत होता, पण तो होरेसचा मेहुणा.

राहिलं आमचं चर्च. खच्चून भरलेलं होतं, आणि होरेसची हाक एकाही माणसाने ऐकली नव्हती.

आमच्याकडे दर रविवारचं प्रवचन अंथरुणाला खिळलेल्यांसाठी टेप होतं. त्या टेपेवर हाक असली तर होरेस खरा. नसली तर खोटा, आणि मग त्याची कंपनीही त्याला वाऱ्यावर सोडणार. ती टेप ऐकायलाच चंदेरी गाडीच्या वकिलांनी लुइझियानाहून त्राहानला धाडलं होतं. आणि टेप नव्हती.

“चोर मला ठाऊक आहे,” डीकन कपाट लावत म्हणाले. त्यांनी खिडकीकडे मान वळवली. “तो बघा. बाहेर मोटारीत बसलाय.”

२

होरेस दर रविवारी यायचा. पेकन झाडाखाली मोटार लावायचा, काच खाली करायचा आणि प्रवचन संपेपर्यंत आत बसून राहायचा. आईच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत त्याचं नाव होतं. डीकननी ते काढलं. मला विचारलं होतं. मी काही बोलले नव्हते.

त्राहान त्याच्या शेजारी जाऊन बसला. मी मागच्या सीटवर. त्राहानने कोलाच्या बाटलीत मूठभर खारे शेंगदाणे ओतले आणि अंगठ्याने तिचं तोंड दाबलं.

“आत का येत नाहीस?”

“खोटारड्याने कुठल्या बाकावर बसायचं, मिस्टर त्राहान? पुढच्या की मागच्या?”

“टेप तू घेतलीस?”

“ती माझी एकुलती एक साक्षीदार. तिला मी कशाला पळवू?”

“तिच्यावर काही नसेल तर पळवशील.”

होरेसचे हात स्टिअरिंगवर होते. मोठे हात. आमच्या गायकवृंदात तो खर्जात गायचा. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“सिस्टर व्हर्लीन, बायबलमधल्या पुस्तकांची नावं मला मिस ओडेसांनी पाठ करून घेतली. चुकलो की कान पिळायच्या. त्यांना तसं सोडून मी नुसता उभा राहीन?”

सीटच्या कापडाला एक भोक होतं, त्यात मी बोट घालून बसले होते.

“धावत का नाही गेलास चर्चकडे?” त्राहानने विचारलं.

“कुठून? आम्ही मुख्य रुळापलीकडच्या रुळावर. चर्च अलीकडे. मधे मालगाडी. चालती भिंत होती ती, साहेब, संपतच नव्हती. चाकाखालून जाऊ?” त्याचा आवाज खाली गेला. “शेवटी त्यांनी माझा हात धरला. डब्यांच्या फटींतून मनोरा दिसत होता. म्हणाल्या, ‘होरेस, पोचलो रे आपण.’”

चर्चमधून शेवटच्या गाण्याचा ऑर्गन ऐकू येत होता.

“मला चोर कोण म्हणालं? डीकन ना?” होरेस म्हणाला. “त्यांना एवढंच विचारा, त्यांची पेन्शन कुठून येते.”

३

डीकनची पेन्शन मालगाडी कंपनीकडून येत होती. त्यांनी ते लपवलंही नाही. व्हरांड्यातल्या झुल्यावर बसून त्यांनी आम्हाला पाउंड केक दिला आणि हातपंख्याने वारा घेत राहिले. पंख्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं.

“अख्खं आयुष्य त्यांचे रूळ ठोकले. फुकट देतात होय पेन्शन? आणि पंखे त्यांच्या माणसाने चर्चला आणून दिले. उकाडा काय बाप्तिस्मा बघून होतो?”

“त्या माणसाने टेपेबद्दल विचारलं?”

“विचारलं. मी म्हटलं, ती प्रभूची मालमत्ता आहे. तुम्ही कॅथलिक ना, मिस्टर त्राहान? तुम्हाला नाही कळायचं. तुमचा पाद्री दोन ओळी वाचतो आणि तुम्ही मासे तळायला घरी.”

“मासे चांगले असतात, डीकन.”

“आमच्याकडे प्रवचन आधी चालतं, मग पळतं आणि मग उडतं. ते उडणं म्हणजे गाणं. रेव्हरंड बोलता बोलता सूर धरतात आणि मग माणूस माणसात राहत नाही.” बोलता बोलता त्यांचा पंखा थांबला. “त्या रविवारी तर विचारू नका. बायबलमधला वाटेच्या कडेचा आंधळा भिकारी प्रवचनाला लावला होता. लोक त्याला गप्प करताहेत, तो येशूला आणखी मोठ्याने हाक मारतोय. रेव्हरंड इतके वर गेले, इतके वर गेले, आणि ऑर्गनने तर छप्पर उचललं. माझी बायको बाकावर उभी राहिली. गुडघेदुखीची बाई ती!”

“भोंगा ऐकलात?”

“गाड्या जातातच हो. पण मदतीची हाक? शपथेवर सांगतो, नाही.”

तिथून आम्ही आमचे धर्मगुरू रेव्हरंड इझेल टेटम यांच्याकडे गेलो. ते परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. त्यांनी मला जवळ घेतलं, पण मला नुसतं त्यांच्या शर्टाच्या खळीचा वास आला. आईच्या दफनाला त्यांनी प्रवचन केलं नव्हतं. घसा बसला होता, म्हणून शेजारगावचे धर्मगुरू आले होते. अजूनही ते दबक्या आवाजात बोलत होते.

“माझा बाप्तिस्मा यांनीच केला,” मी त्राहानला म्हटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

“नदीला पूर होता,” रेव्हरंड लगेच म्हणाले. “मी नामानचं लावलं होतं, कोड धुवायला यार्देन नदीत उतरलेला तो सेनापती. तू रडत होतीस आणि ओडेसा तुला म्हणाली, पाण्याला घाबरायचं नाही, पाण्याने तुला घाबरायचं.” त्यांच्या डोळ्यांत हसू आलं आणि गेलं.

“आणि त्या रविवारी काय लावलं होतं, रेव्हरंड?” त्राहानने विचारलं.

रेव्हरंडनी सुतळीची गाठ मारली, ती सोडली आणि पुन्हा मारली.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

४

ऑर्गन वाजवणाऱ्या लॅव्होनिया प्रुइट फाटकापलीकडे राहतात. मी लहान असल्यापासून त्या मला ‘पोरी’ म्हणतात आणि जाडी किती वाढली ते सांगतात. त्या दिवशी म्हणाल्या, “पोरी, हाडं दिसायला लागली तुझी,” आणि माझ्यापुढे भेंडी-भाताचं ताट ठेवलं. मी खाल्लं. चव लागली नाही.

“मी दोन चर्चची नोकर,” त्यांनी त्राहानला सांगितलं. “आधी इथे आमच्या बाजूला मेथडिस्टांकडे. ते लवकर आटपतात, शिस्तीचे लोक. मग मोटारीत बसते, फाटक ओलांडते आणि माउंट ऑलिव्हला पोचते. तोवर रेव्हरंड नुसते बोलत असतात. मी बाकड्यावर बसले की गायला लागतात. माझ्याशिवाय ते उडत नाहीत.”

“फाटक बंद असलं तर?”

“मग मी इकडे आणि ते तिकडे. तिथे क्लिओफस जुन्या भजनाची एकेक ओळ सांगतो आणि लोक ती लांबवून लांबवून म्हणतात. वाद्याबिद्याशिवाय. लोकांना ते जास्त आवडतं, पण माझ्या तोंडावर बोलत नाहीत.”

त्राहानने काटा खाली ठेवला. “मालगाडी बाजूच्या रुळावर घेतली की रस्ता अडतो?”

“अडणारच! तो रूळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलाय. हल्लीच्या मालगाड्या म्हणजे शेपटाला पत्ता नसतो. आत मावली तर अख्खा रूळ भरते, रस्त्यासकट. पुष्कळदा मावतच नाही. चंदेरी गाडी बिचारी आखूड, ती वळणावरच उभी राहते. रस्त्याला शिवत नाही.”

“त्या रविवारी तुम्ही कधी पोचलात?”

“नेहमीच्या वेळेला. रेव्हरंड भिकाऱ्याला वाटेच्या कडेला बसवत होते.”

“म्हणजे फाटक मोकळं होतं.”

“मोकळं होतं म्हणून तर गेले. उडत गेले नाही.”

“चंदेरी गाडी दिसली?”

“लांब वळणावर काहीतरी चमकत होतं खरं. ती नेहमीच कुठेतरी उभी असते. कोण बघतं? मी आत जाते न जाते तोच मागे मालगाडी धडधडत आली.”

त्राहानने शेंगदाण्यांची बाटली हलवली. मग त्याने विचारलं, “डीकन म्हणतात, रेव्हरंड त्या दिवशी फार वर गेले. कुठल्या सुरात नेलंत त्यांना?”

“मी नाही नेलं. रेव्हरंडचा सूर ठरलेला असतो, खाली, पोटातला. त्या दिवशी माझे हात आपोआप वर गेले. आमची जुनी खोड आहे ती. प्रवचनात गाडी आली की मी तिच्या भोंग्याचा सूर धरते आणि रेव्हरंड त्यावर चढतात. लोकांना वाटतं, आभाळातून साथ आली.”

“कुठल्या गाडीचा सूर होता?”

“चंदेरीचा. मालगाडीचा भोंगा घसा बसलेल्या बैलासारखा. चंदेरीचा कसा, पाच जणी एकदम गातात तसा.”

“ती किती वेळ वाजवते?”

“फाटकापाशी एकदा. दोन लांब, एक आखूड, एक लांब. की गेली.”

“आणि त्या दिवशी?”

लॅव्होनियाबाईंचे हात टेबलावर होते. बोटं हलली. एक आखूड, एक आखूड, एक आखूड. लाकडावर टकटक झाली. मग पुन्हा. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती, आणि हात झटकन मांडीवर घेतले.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “तू जरा बाहेर जा.”

५

मी बाहेर गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्राहानने सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलं, तेव्हा काय ऐकणार हे मला ठाऊक होतं. दुखत मात्र नव्हतं. पुढच्या बाकावर डीकन, त्यांच्याशेजारी लॅव्होनियाबाई, व्यासपीठाच्या पायरीवर रेव्हरंड. होरेस दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी थांबला.

“आत ये की,” त्राहान म्हणाला.

“इथूनही ऐकू येतं.”

“बरं. कंपनी म्हणते, मालगाडी बाजूच्या रुळावर उभी होती. चला, मानू या. मग तो रूळ भरला, रस्ता अडला आणि मिस लॅव्होनिया पलीकडे अडकल्या. त्या रविवारी इथे वाद्याशिवाय भजन व्हायला हवं होतं. पण डीकन, मी न विचारता तुम्ही सांगितलंत की ऑर्गनने छप्पर उचललं.”

डीकननी पंखा बाकावर ठेवला.

“फाटक मोकळं होतं. म्हणजे बाजूच्या रुळावर मालगाडी नव्हती. आणि वळणावर जे चमकत होतं ते मुख्य रुळावर असतं, तर पाठोपाठ धडधडत आलेली मालगाडी त्याला धडकली असती. ते बाजूच्या रुळावर होतं. माणसं बाजूला, माल पुढे. होरेसचं निम्मं म्हणणं खरं ठरलं. मग उरलेलं निम्मं?”

“आम्ही हाक ऐकली नाही,” डीकन म्हणाले, पण त्यात आता जोर नव्हता.

“ऐकलीत, डीकन. सगळ्यांनी ऐकलीत. मिस लॅव्होनियांच्या बोटांनी तर ती अजून सोडलेली नाही.” त्राहान लाकडी रेलिंगला टेकला. “माझ्या गावी असं झालं नसतं. आमच्या पाद्र्याच्या प्रवचनात भोंगा घुसला तर आम्ही वळून बघतो, चिडतो. इथे भोंगा प्रवचनात शिरला की प्रवचन होतो. भिकारी हाक मारत होता, गाडी हाक मारत होती, ऑर्गन साथ देत होता. कुणाला बाहेर जावंसं का वाटेल? हाक तर आतच चालली होती.”

होरेस उंबऱ्यावर खाली बसला.

“आता टेप,” त्राहान म्हणाला. “होरेसने घेतली नाही, ती त्याला तारणारी होती. मालगाडीवाल्यांसाठी डीकननी घेतली असती तर आधी ऐकली असती, आणि ऑर्गनचं नाव माझ्यापुढे चुकूनही काढलं नसतं. त्या रविवारी प्रवचन कशावर होतं, हे डीकन आणि मिस लॅव्होनियांनी आपणहून सांगितलं. ज्यांनी एकदाच ऐकलं त्यांनाही आठवत होतं. एकच माणूस म्हणाला, आठवत नाही. आणि त्या माणसाला मिस व्हर्लीनच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीला पूर होता हेही आठवतं.”

रेव्हरंड उठले. व्यासपीठावरच्या मोठ्या बायबलखाली फळीचा कप्पा आहे. त्यातून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली.

“जाळायला नेली होती,” ते म्हणाले. “पण प्रभूचं वचन आहे त्यावर. हात धजला नाही.” ते माझ्यासमोर आले. “दफनात तुझ्या आईच्या आवडत्या प्रवचनाचा भाग वाजवावा म्हणून टेपा चाळत होतो, लेकी, तेव्हा ही हाती लागली. ऐकली. त्या दिवसापासून घसा बसलाय. डॉक्टरला काही सापडत नाही.”

“माझ्यासाठी लपवलीत?” मी विचारलं.

“तू ती ऐकू नयेस म्हणून.”

“आणि होरेस?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “एक मेंढरू उचलताना दुसरं दरीत लोटलं, हे मला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. मी तुला मागायच्या लायकीचा नाही, होरेस, पण क्षमा कर.”

होरेस उंबऱ्यावरच बसून राहिला. मी पुरचुंडी घेतली आणि डीकनना दिली. “लावा,” म्हटलं.

आधी रेव्हरंडचा आवाज, चालणारा. मग मालगाडीचा बसका भोंगा आणि चाकांची घरघर, लांबवर, न संपणारी. तिच्यावर ऑर्गन. आवाज पळायला लागला. आणि मग ते आलं. तुटक, तुटक, तुटक. पाच जणी एकदम. ऑर्गनने ते उचललं, जसंच्या तसं परत फेकलं. रेव्हरंड गात होते :

“वाटेवरून कुणी हाक मारतंय!”

“मारतंय!” सगळे.

“ऐकताय का तुम्ही?”

“ऐकतोय!”

तुटक, तुटक, तुटक.

“गप्प बसेल का तो?”

“नाही बसणार!”

आणि या सगळ्यावर एका बाईचा आवाज, फाटलेला, आनंदाने वेडावलेला, सगळ्यांच्या वर : “ऐकतेय मी, प्रभू! ऐकतेय!”

तो माझा आवाज होता.

६

टेप संपेपर्यंत कुणी बंद केली नाही. शेवटी नुसती खरखर राहिली.

“मिस व्हर्लीन,” त्राहान म्हणाला, “ही मंडळापुढे गेली तर वकील ती पुन्हा पुन्हा लावतील. वर्तमानपत्रंही लावतील. तुम्ही नको म्हणालात तर माझ्याकडे फाटक आहे आणि मिस लॅव्होनिया आहेत. तेवढ्यावर लढू.”

“तेवढ्यावर होरेस सुटेल?”

“फाटकावरून एवढंच कळतं की गाडी बाजूला घातली होती. त्याने हाक मारली, हे फक्त यावर आहे.”

होरेस उंबऱ्यावरून म्हणाला, “राहू दे, सिस्टर. तुम्ही ऐकलीत ना? मला पुरे.”

त्याला खरंच पुरे होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून मी उठले, यंत्रातून टेप काढली आणि त्राहानच्या हातात दिली. मग होरेसकडे गेले. आईचा हात ज्या हाताने धरला होता तो कुठला, हे मी विचारलं. त्याने उजवा पुढे केला. मी तो धरला आणि आम्ही मधल्या वाटेने चालत पुढच्या बाकावर येऊन बसलो. डीकन सरकले. “जागा आहे,” ते म्हणाले, “पुष्कळ आहे,” आणि चष्मा पुसत राहिले.

तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. वॉशिंग्टनच्या मंडळापुढे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातात आणि मालगाड्या आणखी लांब होत चालल्या आहेत. पण होरेसवरचा आरोप काढून टाकला. तो पुन्हा चंदेरी गाडीवर आहे. सुट्टीच्या रविवारी खर्जात गातो.

रेव्हरंडचा घसा हळूहळू मोकळा झाला. पहिल्यांदा ते पुन्हा गायला लागले त्या रविवारी मी गणवेश घालून भिंतीशी उभी होते. प्रवचन पळायला लागलं होतं, लॅव्होनियाबाई खांदे उडवत होत्या, डीकनची बायको उठण्याच्या बेतात होती. तेवढ्यात भोंगा आला. पाच जणी एकदम.

रेव्हरंड शब्दाच्या मध्यावर थांबले.

लॅव्होनियाबाईंनी हात उचलले आणि हवेत तसेच धरले. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. पंखे थांबले. भरलेलं चर्च कान देऊन बसलं आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

मी दाराशी गेले आणि ते उघडलं.

दोन लांब, एक आखूड, एक लांब. चंदेरी गाडी मुख्य रुळावरून सरळ येत होती. तिसऱ्या डब्याच्या दारात होरेस उभा होता. चर्चचं दार उघडं पाहून त्याने टोपी काढली आणि गाडी जाईपर्यंत छातीशी धरली. कुणी मदत मागत नव्हतं. तरी शेवटचा डबा झाडांआड जाईपर्यंत मी उभी राहिले.

दाराची लोखंडी कडी माझ्या मुठीत होती. ती गार होती. किती दिवसांनी काहीतरी गार लागलं.

मी वळून रेव्हरंडना मान हलवली.

“सगळं ठीक आहे,” म्हटलं. “चालू द्या.”